जहाजाचा वेग आणि कमरेचा दोर

"जहाजाचा वेग नॉटमध्ये का मोजतात?" असे साहेबांनी सकाळच्या चहाला विचारले आणि वजनमापे तपासणी कार्यालयातले सगळे कप ओठांपाशी थांबले.

साहेब एरवी प्रश्न विचारत ते उत्तर आधी ठरवून. "परवाचं माझं भाषण लांबलं नाही ना?" यासारख्या प्रश्नांना काय म्हणायचे हे सगळ्यांना पाठ होते. आज मात्र त्यांना उत्तर खरोखरच हवे होते, आणि हे त्या कार्यालयात प्रथमच घडत होते.

कारण होते त्यांचे सासरे. सासरेबुवांची हयात जहाजांवर गेली होती. घरात सगळे त्यांना कप्तान म्हणत आणि साहेब त्यांच्यासमोर खुर्चीत पाठ टेकूनही बसत नसत. आदल्या संध्याकाळी कप्तानांचा फोन आला. इकडचे तिकडचे बोलून झाल्यावर ते म्हणाले, "काय हो जावईबापू, तुम्ही एवढे मापांचे साहेब. सांगा बघू, जहाजाचा वेग नॉटमध्ये का मोजतात? नॉट म्हणजे तर दोराची गाठ. गाठीचा आणि वेगाचा काय संबंध?" साहेबांनी "हॅलो, हॅलो, आवाज तुटतोय" म्हणत फोन ठेवून दिला. पण तेवढ्याने सुटका नव्हती, कारण कप्तान पुढच्या महिन्यात राहायलाच येणार होते. जावयात काही दम नाही हे त्यांचे मत लग्नाच्या मांडवापासून कायम होते. ते बदलावे म्हणून साहेबांच्या बायकोनेही कधी जिवाचे रान केले नव्हते.

"हो साहेब," होयबा म्हणाला.

होयबा हा तिथला एक वरिष्ठ निरीक्षक. त्याचे खरे नाव फक्त हजेरीच्या वेळी ऐकू येई.

"हो काय? का मोजतात ते सांगा."

"मोजतात साहेब. नॉटमध्येच मोजतात."

साहेबांनी सुस्कारा टाकला आणि त्यांची नजर फिरत फिरत दुसऱ्या वरिष्ठ निरीक्षकावर येऊन थांबली. ही नजर आपल्यापर्यंत येणार हे त्या गृहस्थांना ठाऊक होते. ते सावकाश चहा ढवळत होते. त्यांना सगळे सर्वज्ञ म्हणत.

सर्वज्ञांनी जन्मात कधी 'मला माहीत नाही' असे म्हटले नव्हते. एकदा रस्त्यात एका सुजलेल्या गालाच्या माणसाने त्यांना दातांचा दवाखाना विचारला. "डावीकडे वळा, मग उजवीकडे, निळी पाटी दिसेल," सर्वज्ञांनी छातीठोकपणे सांगितले. निळी पाटी होती, पण ती लोहाराची. पुढे त्या माणसाच्या दाताचे काय झाले ते कळले नाही. बायको त्यांना म्हणायची, "अहो, 'माहीत नाही' म्हटलं तर तोंडातले दात पडतात का तुमचे?" त्यावरही सर्वज्ञांनी दात आणि बोलणे यांच्या संबंधाबद्दल काहीतरी सांगितले होते.

शिवाय आज उत्तर देण्यात फायदाही होता. उपप्रमुखांची खुर्ची रिकामी होती. खिडकीखालची, हातांची, उशीवाली खुर्ची. तिच्यावर नेमका पंखा होता. साहेब ज्याची शिफारस करतील त्याला ती मिळणार होती, आणि शिफारस करण्याजोगे दोघेच होते, सर्वज्ञ आणि होयबा. ज्याच्यावर साहेबांची खप्पा मर्जी होई त्याची रवानगी जप्तीच्या गोदामात होत असे. दुकानदारांकडून पकडून आणलेले खोटे तराजू आणि पोकळ वजने तिथे ठेवलेली असत, आणि त्यांच्यावर लक्ष ठेवायला एक माणूस. तिथे पंखा नव्हता.

"सोपं आहे साहेब," सर्वज्ञ म्हणाले. "जुन्या शिडाच्या जहाजांवर प्रत्येक खलाशाच्या कमरेला एक दोर असायचा. एक काम केलं की एक गाठ. शीड ओढलं, मारली गाठ. डेक धुतला, मारली गाठ. संध्याकाळी कप्तान सगळ्यांच्या गाठी मोजायचा. जितक्या गाठी, तितका जहाजाचा वेग. म्हणून नॉट."

हे सांगताना शेवट काय होणार याची त्यांना स्वतःलाही उत्सुकता होती. शेवट बरा झाला असे त्यांचे मत पडले.

"आणि वारा पडला तर?" नोंदणीच्या टेबलावरून बाईंनी विचारले. बाई सदानकदा काहीतरी विणत असत आणि विणताविणता बोलत.

"म्हणजे?"

"म्हणजे वारा पडल्यावर खलाशांनी कितीही गाठी मारल्या तरी जहाज जागच्या जागी. मग वेग कुठला?"

"बाई, तुम्ही समुद्र पाहिलाय का?"

"नाही."

"मग झालं तर," सर्वज्ञ म्हणाले. त्यांनी तरी कुठे पाहिला होता!

पण साहेबांचे बाईंकडे लक्षच नव्हते. त्यांचे डोळे चमकत होते. "म्हणजे वेग वाऱ्यातून येत नाही," ते हळूहळू म्हणाले, "कामातून येतो. आणि तो मोजता येतो! इतकी वर्षं आपण दुनियेचं मोजतोय, पण आपलं कोणी मोजलंय का?"

"नाही साहेब," असे म्हणावे की "हो साहेब" हे न कळून होयबा घाबराघुबरा झाला आणि त्याने नुसतीच मान गोल फिरवली.

सोमवारी शिपाईमामा खांद्यावर पांढऱ्या सुती दोराचे मोठे भेंडोळे घेऊन आले. साहेबांनी सगळ्यांना उभे केले आणि कार्यालय म्हणजे जहाज, आपण सारे खलाशी, असे भाषण दिले. मग प्रत्येकाला एक दोर वाटला. एक तराजू तपासला की एक गाठ, एका वजनावर शिक्का मारला की एक गाठ, एका पत्राला उत्तर दिले की एक गाठ. दोर कमरेला बांधायचा, असे म्हणून साहेबांनी सगळ्यांकडे पाहिले. बाईंनी उलट साहेबांकडे असे पाहिले की दोर खुर्चीच्या पाठीला बांधला तरी चालेल असे लगेच ठरले. होयबाने मात्र कमरेलाच बांधला. "मूळ पद्धत तीच ना साहेब," तो म्हणाला आणि मागे लोंबणारे टोक सांभाळत आपल्या जागेवर गेला.

पहिले दोन-चार दिवस गंमत वाटली. मग प्रत्येकाला शेजाऱ्याचा दोर दिसू लागला. शेजाऱ्याच्या गाठी आपल्यापेक्षा जास्त हे काही माणसाला बघवत नाही. काम तर तेवढेच होते. तराजू घेऊन येणारे दुकानदार काही दोर बघून वाढणार नव्हते. मग एकच तराजू सगळीकडे फिरू लागला.

"अहो निरीक्षकसाहेब," एक किराणा दुकानदार काकुळतीला येऊन म्हणाला, "सकाळपासून बसलोय. माझा एवढासा तराजू, सगळ्या टेबलांवर फिरून आला. सगळ्यांनी बरोबर म्हणून सांगितलं. आता तरी जाऊ द्या."

"थांबा हो, एवढी काय घाई? एकदा मीही बघतो," शेवटच्या टेबलावरचा निरीक्षक म्हणाला. "सकाळपासून माझ्या दोराला एक गाठ नाही."

"मग तुमच्या गाठीसाठी मी दुकान बंद ठेवू का?"

"मापात गडबड असल्याशिवाय माणूस एवढी घाई करत नाही," निरीक्षक म्हणाला आणि तराजू उलटा करून पाहू लागला. दुकानदार मुकाट्याने बाकावर जाऊन बसला. हात दाखवून अवलक्षण कोण करून घेणार?

पत्रांचेही तेच झाले. पूर्वी ज्या पत्राला उत्तर मिळत नसे त्याला आता हप्त्याहप्त्याने उत्तर मिळू लागले. पहिल्या पत्रात 'महोदय', दुसऱ्यात विषय, तिसऱ्यात 'कळावे'. बाईंच्या दोराला तर गाठींमध्ये बोट घालायला जागा उरली नाही. विणकामाचा हात, एकीकडे गप्पा मारत मारत त्या गाठीवर गाठ घालत. त्यांनी त्या दिवसांत एकाही अर्जाची नोंद केली नव्हती असे नंतर उघडकीला आले, पण दोर बघून तसे कोणाला वाटले नसते.

साहजिकच भांडणे सुरू झाली, आणि भांडणे सोडवायला साहेबांनी गाठ-तज्ज्ञ म्हणून सर्वज्ञांना नेमले. सैल गाठ धरायची का? काम परत आले तर गाठ सोडायची का? सोडवताना दात वापरले तर चालतील का? सर्वज्ञ डोळे बारीक करून समुद्राकडे बघितल्यासारखे करत आणि निकाल देत. "सुरगाठ म्हणजे अर्धं काम. ओढली की सुटते. खलाशांत सुरगाठ मारणाऱ्याला कोणी जेवायला शेजारी बसू देत नसत. निरगाठ मारली तरच पूर्ण काम." सगळे माना डोलवत. सर्वज्ञांना हळूहळू समुद्राचा वासही येऊ लागला होता.

वजनमापांचे कार्यालय म्हटल्यावर प्रमाण माप लागतेच. पितळी किलो जसा काचेच्या पेटीत ठेवलेला होता तशी त्याच्या शेजारी दुसरी पेटी आली. तिच्यात मखमलीवर साहेबांनी स्वहस्ते मारलेली एक गाठ ठेवली आणि तिला शिशाचा सरकारी शिक्का लावला. यापुढे कुणाची गाठ खरी नि कुणाची खोटी ते या गाठीशी ताडून ठरणार होते. गाठ मारताना साहेबांना ती नीट जमेना, म्हणून मामांनी टोक धरले होते, पण पेटीवरच्या पाटीवर मामांचा उल्लेख नव्हता.

एकच पंचाईत होती. सगळ्या कार्यालयात एक दोर पहिल्या दिवशी होता तसाच गुळगुळीत होता, आणि तो साहेबांच्या खुर्चीवर होता. दारातून येणाऱ्याला पहिल्यांदा तोच दिसे. शेवटी होयबाने मार्ग काढला. "साहेब, आमच्या सगळ्या गाठी तुमच्या सहीशिवाय पुऱ्या होतात का? मग त्या तुमच्याच." त्या संध्याकाळपासून सगळ्यांच्या गाठींची बेरीज साहेबांच्या खात्यात जमा होऊ लागली आणि दारावरच्या फळ्यावर खडूने 'आजचा वेग' लिहिला जाऊ लागला. फळ्याखालच्या बाकावर दुकानदार तराजू मांडीवर घेऊन पेंगत असत.

वरिष्ठ कार्यालयाला फळ्याचा फोटो गेला. वरिष्ठ कार्यालयाला आकडा वाढलेला दिसला की ते तृप्त होते. कशाचा आकडा, हे विचारायची तिथे पद्धत नाही. शाबासकी आली. साहेब सर्वज्ञांच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "खिडकीखालची खुर्ची जरा झाडूनपुसून ठेवायला सांगा मामांना." सर्वज्ञ त्या दिवशी घरी गेले ते शीळ घालत.

दुसऱ्याच दिवशी साहेबांनी जाहीर केले, "शनिवारी सासरेबुवा कार्यालय बघायला येतायत. मी त्यांना एवढंच सांगितलंय की तुमच्या प्रश्नाचं उत्तर तोंडी देणार नाही, प्रत्यक्ष दाखवणार. काय सर्वज्ञ?"

ज्या माणसाचा जन्म जहाजावर गेला तो माणूस येऊन या दोरांकडे बघणार होता. इतके दिवस आपण जे बोललो ते खरे नाही, ही गोष्ट सर्वज्ञांच्या मनातून जवळजवळ पुसून गेली होती. ती आता सगळीच्या सगळी परत आली.

संध्याकाळी ते घरी न जाता ग्रंथालयात गेले आणि जाड ज्ञानकोश काढून बसले. उत्तर होते, आणि अगदी सरळ होते. जुन्या काळी एक फळी लांब दोराला बांधून जहाजाच्या मागच्या बाजूने समुद्रात टाकत. फळी पाण्यात जागच्या जागी राही, जहाज पुढे जाई आणि दोर खलाशाच्या हातातून सरसर सुटत जाई. त्या दोराला ठरावीक अंतरावर आधीच गाठी मारलेल्या असत. वाळूचे घड्याळ रिकामे होईपर्यंत हातातून जितक्या गाठी गेल्या तितके नॉट. बस. त्यात कमर नव्हती, काम नव्हते, संध्याकाळची मोजणी नव्हती. जहाजावरच्यांनी आपल्या कमरेला कितीही गाठी मारल्या असत्या तरी त्या दोरावर एक गाठ वाढली नसती.

"दोर होता," घरी आल्यावर ते बायकोला म्हणाले. "गाठीही होत्या. तेवढं माझं बरोबर आलं."

"आणि बाकीचं?"

"बाकीचं थोडं इकडचं तिकडे झालं."

बायकोने हातातले काम खाली ठेवले. "हे बघा, त्या कप्तानांनी चारचौघांत तुमचं पितळ उघडं करण्याआधी तुम्हीच सांगून मोकळे व्हा."

"अगं, मग खुर्ची जाईल!"

"खुर्ची त्यांनी सांगितल्यावरही जाईलच. पण तुम्ही आपणहून सांगितलंत तर माणूस प्रामाणिक आहे असं तरी म्हणतील. नाहीतर बसा गोदामात वजनं मोजत. आणि साहेबांची त्यांच्या सासऱ्यांपुढे शोभा झाली तर ते तुम्हाला जन्मात सोडायचे नाहीत."

सर्वज्ञ रात्रभर कूस बदलत राहिले. पटत होते. पण पटणे वेगळे आणि तोंडातून निघणे वेगळे. शनिवारी सकाळी ते लवकर जाऊन साहेबांना गाठायला बघत होते, पण साहेब मामांकडून सगळे दोर इस्त्री करून घेण्यात गुंतले होते. "साहेब, त्या गाठींबद्दल जरा बोलायचं होतं," सर्वज्ञ म्हणाले. "नंतर, नंतर. आधी त्या बाईंचा दोर कोणीतरी सरळ करा, तो उभाच राहतोय!"

कप्तान आले. बुटके, टापटिपीचे, पांढरे बूट, आणि आवाज असा की खिडकीच्या काचा थरथराव्यात. साहेबांनी त्यांना थेट खिडकीखालच्या खुर्चीत बसवले आणि वर पंखा सोडला. सर्वज्ञांनी खुर्चीकडे पाहिले.

"तर बाबा," साहेब पुढे झाले, "तुम्ही विचारलं होतं, नॉट का. हे बघा." आणि त्यांनी कमरेच्या दोराची सगळी कथा सांगितली. शीड आले, डेक आला, संध्याकाळी गाठी मोजणारा कप्तान आला. होयबा जागच्या जागी गोल फिरून कमरेचा दोर दाखवत होता. काचेच्या पेटीतली प्रमाण गाठ दाखवून झाली. मग साहेब थांबले आणि हात मागे बांधून, परीक्षेचा निकाल ऐकायला उभ्या राहिलेल्या मुलासारखे उभे राहिले.

कप्तान दोराकडे बघत राहिले. एक भुवई वर गेली.

सर्वज्ञांना ती भुवई सहन झाली नाही. ते ताडकन उभे राहिले. "थांबा साहेब! चूक माझी आहे. हे सगळं मी... मला माहीत नसताना सांगितलं. कमरेला दोर वगैरे काही नव्हतं. जहाजामागे समुद्रात एक फळी टाकायचे, तिला गाठींचा दोर असायचा, जहाज पुढे गेलं की दोर सुटायचा, आणि वाळूचं घड्याळ..."

एवढे बोलल्यावर त्यांना छातीवरची धोंड उतरल्यासारखे वाटले. आयुष्यात पहिल्यांदा ते खरे, तेही वाचून, बोलत होते. साहेबांचा चेहरा पांढराफटक पडला. सगळ्यांनी कप्तानांकडे पाहिले, कारण आता निकाल त्यांच्याकडून यायचा होता.

सर्वज्ञांनीही पाहिले आणि ते चपापले. कप्तानांच्या डोळ्यांत राग नव्हता, हसू नव्हते. नजर किंचित वर, छताकडे, हनुवटी पुढे, ओठ आवळलेले. सर्वज्ञांना ती नजर ओळखीची वाटली. रोज दाढी करताना आरशात ते ती बघत आले होते. काही माहीत नसलेला माणूस आता तोंड उघडणार होता.

"फळी?" कप्तान गरजले. "भर समुद्रात चांगली फळी कोण टाकून देईल हो? आणि वाळू? समुद्रावर वाळू कुठून आणली? वाळू किनाऱ्यावर असते!"

"घड्याळात, घड्याळात असायची..."

"मला सांगता? मला? जन्म गेला माझा जहाजावर! कमरेचा दोर म्हणजे कमरेचा दोर! माझ्या स्वतःच्या कमरेला होता. हा असा!" आणि त्यांनी होयबाला कमरेच्या दोराने धरून पुढे ओढले. "अगदी असाच. टोकही असंच मागे लोंबायचं. शाब्बास जावईबापू! मला वाटलं नव्हतं तुम्हाला एवढं ठाऊक असेल."

साहेबांनी हे वाक्य ऐकायला किती वर्षे काढली होती ते त्यांचे त्यांनाच ठाऊक. त्यांचे डोळे पाणावले. क्षणभर ते लहान मुलासारखे दिसले आणि सर्वज्ञांना त्यांच्याबद्दल खरोखरच वाईट वाटले. मग साहेबांनी डोळे पुसले आणि ते सर्वज्ञांकडे वळले.

"माझ्या सासऱ्यांना, कप्तानांना, जहाज शिकवता तुम्ही? माझ्याच कार्यालयात?"

"साहेब, पण मीच तर तुम्हाला कमरेचा दोर..."

"पुरे! चांगली पद्धत चालू झाली तर ती मोडायला निघालात. का, तर होयबाच्या गाठी तुमच्यापेक्षा जास्त झाल्या म्हणून. कळतं आम्हाला सगळं."

"हो साहेब," होयबा म्हणाला.

बाई विणत होत्या. "वाऱ्याचं मी आधीच विचारलं होतं," त्या स्वतःशीच पुटपुटल्या, आणि त्यांनी दोराला आणखी एक गाठ मारली.

सोमवारी होयबा कमरेच्या दोरासकट खिडकीखालच्या खुर्चीत बसला. दोर खुर्चीच्या हातात अडकत होता, पण त्याची तक्रार नव्हती. सर्वज्ञ जप्तीच्या गोदामात गेले.

गोदामात उन्हाची एक तिरीप आणि फळ्यांवर रांगेने खोटी वजने. काही तळाला मेण भरलेली, काही आतून पोकळ, शिवाय एका बाजूला झुकणारे तराजू. सुरुवातीला सर्वज्ञांना रडू यायचेच बाकी होते. मग त्यांच्या लक्षात आले की इथली खोटी मापे निदान पकडली तरी गेली आहेत, आणि त्यांना जरा बरे वाटू लागले. 'आपणहून सांगा' हा बायकोचाच सल्ला होता, त्यामुळे तिने दोन-तीन दिवस नवऱ्याचा चहा जरा गोड केला.

एके दुपारी गोदामाचे दार करकरले. दारात पांढरे बूट दिसले. कप्तानांनी आत येऊन इकडेतिकडे पाहिले, दार लावून घेतले आणि एका जप्त केलेल्या खोक्यावर टेकले. आवाज कुठल्या कुठे गेला होता.

"सर्वज्ञ तुम्हीच ना?" ते कुजबुजले. "तुमच्याकडे एक काम होतं. कोणाला सांगू नका हं."

"सांगा ना."

"उद्या आमच्या जुन्या जहाजवाल्यांचा मेळावा आहे. सगळे असतील. खरे कप्तानसुद्धा. काल एकाला फोनवर मी ते कमरेच्या दोराचं सांगितलं, तर तो इतका हसला की त्याला ठसका लागला. म्हणाला, उद्या सगळ्यांसमोर सांग, मजा येईल." त्यांनी रुमालाने कपाळ पुसले. "अहो, मी कसला कप्तान! मी जहाजाच्या कोठारावर होतो. बटाटे, साबण, मेणबत्त्या. जन्म जहाजाच्या पोटात गेला, डेकवर कोण जातो? नॉट म्हणजे काय हे तेव्हा विचारायची लाज वाटली, आणि पुढे पुढे तर जास्तच. जावयाला विचारलं ते परीक्षा म्हणून नव्हतंच हो. म्हटलं त्याला माहीत असेल तर आपल्यालाही कळेल."

सर्वज्ञांनी हातातले पोकळ वजन फळीवर ठेवले.

"तुम्ही त्या दिवशी खरं काय ते सांगत होता. फळी, घड्याळ, काहीतरी होतं. पण मी ओरडत होतो ना, मला नीट ऐकूच आलं नाही. ती फळी कुठून टाकायची? आणि गाठी कोण मोजायचं? एकदा शांतपणे सांगा. तुमचे उपकार विसरणार नाही."

सर्वज्ञांच्या डोळ्यांसमोर सगळे उभे राहिले. फळी, दोर, हातातून सरसर जाणाऱ्या गाठी, वाळूचे घड्याळ. आजवर इतके ठाम, इतके खरे असे काही त्यांच्या जिभेवर कधीच आले नव्हते. मग त्यांना खिडकीखालची खुर्ची दिसली, आणि तिच्यावरचा पंखा.

"मला माहीत नाही," सर्वज्ञ म्हणाले.

"अहो, असं काय करता! जरा आठवा!"

"तुम्ही म्हणालात तेच बरोबर असणार, कप्तान. मी कुठे जहाजावर होतो?"

कप्तान मान खाली घालून निघून गेले. दार पुन्हा करकरले. सर्वज्ञांनी तोंडात जीभ एकदा इकडून तिकडे फिरवून पाहिली. दात सगळे जागच्या जागी होते.